चिकटून सरकणाऱ्या वस्तूंचे गणित : टक्कर आणि घर्षण यांच्या दोन इतिहासांचा संगम

प्रस्तावना

कोल्हापूर शहराच्या पूर्वेस, करवीर तालुक्यात, उचगाव हे गाव आहे. पुणे–बेंगळुरू राष्ट्रीय महामार्ग (पूर्वीचा क्रमांक ४, आजचा क्रमांक ४८) याच गावाच्या परिसरातून जातो. कोल्हापूर–मिरज लोहमार्गही येथून फार दूर नाही. कोल्हापूर संस्थानच्या मालकीचा हा लोहमार्ग १८९१ मध्ये, राजर्षी शाहू छत्रपतींच्या काळात, वाहतुकीस खुला झाला. यंत्रशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील एका प्रसिद्ध प्रश्नाची दोन्ही रूपे या परिसरात पाहावयास मिळतात. शंटिंगच्या वेळी संथपणे येणारा डबा उभ्या डब्यास धडकतो, जोडला जातो आणि दोन्ही डबे एकत्र पुढे सरकतात. महामार्गावर एक वाहन दुसऱ्यावर आदळते, दोन्ही एकमेकांत अडकून काही अंतर फरफटत जातात आणि थांबतात. पहिली घटना नित्याची आहे, तर दुसरी दुःखद. भौतिकशास्त्राच्या दृष्टीने मात्र दोन्ही घटना एकाच जातीच्या आहेत. दोहोंत अस्थितिस्थापक टक्कर आहे आणि तिच्यानंतर घर्षणाने होणारे मंदन आहे.

हा प्रश्न पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मांडला की बहुसंख्य विद्यार्थी एक ठराविक चूक करतात. घर्षणाने जेवढे कार्य केले तेवढी ऊर्जा आरंभीच्या वाहनात असली पाहिजे, असे मानून ते एकाच समीकरणात उत्तर काढतात. अध्यापक ही चूक दुरुस्त करतो आणि पुढे जातो. परंतु ती केवळ निष्काळजीपणातून होत नाही. सतराव्या व अठराव्या शतकांतील युरोपातील श्रेष्ठ विद्वान ज्या पेचात अडकले होते, त्याच पेचात आपला विद्यार्थी अडकलेला असतो. प्रस्तुत लेखात या पेचाचा इतिहास मांडण्याचा प्रयत्न केला आहे. टक्करीचा नियम आणि घर्षणाचा नियम हे दोन वेगळ्या परंपरांतून आले. ते एका हिशेबात एकत्र आले तरी त्यांची हद्द वेगळीच राहिली. ही हद्द पुसली गेल्यास वर्गात गुण जातात, वर्गाबाहेर मात्र न्यायच चुकू शकतो, हे येथे दाखवावयाचे आहे.

भारतीय परंपरेतील संज्ञा

प्रारंभी आपल्या परिभाषेकडे पाहणे उचित ठरेल. मराठीत ‘इलॅस्टिक’ या शब्दासाठी रूढ झालेली ‘स्थितिस्थापक’ ही संज्ञा वैशेषिक दर्शनातील आहे. त्या दर्शनात ‘संस्कार’ या गुणाचे वेग, भावना आणि स्थितिस्थापक असे तीन प्रकार मानलेले आहेत. सुमारे सहाव्या शतकातील प्रशस्तपादाच्या ‘पदार्थधर्मसंग्रह’ या ग्रंथात गतीस कारण होणाऱ्या संयोगाचे भेद केले आहेत. ज्या संयोगानंतर दोन द्रव्ये विलग न होता चालतात तो ‘नोदन’ आणि ज्याच्यामुळे ती विलग होतात तो ‘अभिघात’. आधुनिक भाषेत ज्यांना आपण चिकटणारी टक्कर आणि उसळणारी टक्कर म्हणतो, त्यांच्या जवळ जाणारे हे वर्गीकरण आहे.

तथापि या साम्यावरून भलता निष्कर्ष काढणे अनैतिहासिक होईल. प्रशस्तपादाचे विवेचन गुणात्मक आहे. वस्तू किती, वेग किती आणि टक्करीनंतर उरणारा वेग किती, हा प्रश्न तेथे विचारलेला नाही. त्या विवेचनाचे महत्त्व वेगळ्या ठिकाणी आहे. एकत्र चालणे आणि विलग होणे या दोन भिन्न घटना आहेत व त्यांचा विचार वेगवेगळा केला पाहिजे, ही जाणीव त्यात स्पष्ट आहे. एकोणिसाव्या शतकात, विशेषतः १८३० च्या दशकापासून, पदार्थविज्ञानावरील पुस्तके मराठीत येऊ लागली. हरि केशवजी पाठारे यांनी संवादरूपाने पदार्थविज्ञान मराठीत आणले, तर केरो लक्ष्मण छत्रे यांच्यासारख्या अध्यापकांनी ते महाविद्यालयीन वर्गात रुजविले. तेव्हा संस्कृत शास्त्रांतील असे अनेक शब्द नव्या आशयासह वापरात आले. शब्द जुना आणि आशय नवा असल्याने विद्यार्थ्याला शब्द ओळखीचा वाटतो, पण त्यामागील गणित त्यास परके राहते.

टक्करीच्या नियमाचा शोध

टक्करीचे संख्यात्मक नियम सांगण्याचा पहिला मोठा प्रयत्न रने देकार्त याने १६४४ मध्ये ‘प्रिन्सिपिया फिलॉसॉफी’ या ग्रंथात केला. विश्वातील गतीचे एकूण परिमाण कायम राहते, हे त्याचे मूलतत्त्व होते. परंतु हे परिमाण मोजताना त्याने दिशेचा विचार केला नाही. परिणामी त्याने दिलेल्या सात नियमांपैकी बहुतेक अनुभवाशी विसंगत ठरले. त्याच्या चौथ्या नियमानुसार लहान वस्तू स्थिर असलेल्या मोठ्या वस्तूवर कितीही वेगाने आदळली तरी मोठी वस्तू हलणार नाही. महामार्गावर उभ्या मालमोटारीस मागून धडकणाऱ्या लहान वाहनाचा विचार केला, तरी हा नियम टिकत नाही हे लक्षात येते.

लंडनच्या रॉयल सोसायटीने १६६८ मध्ये हा प्रश्न पुन्हा चर्चेस घेतला. जॉन वॉलिस, ख्रिस्तोफर रेन आणि ख्रिस्तियान हायगेन्स या तिघांनी १६६८ च्या अखेरीपासून १६६९ च्या आरंभापर्यंत आपापली उत्तरे पाठविली. रेन आणि हायगेन्स यांनी उसळणाऱ्या वस्तूंचा विचार केला. वॉलिसने मात्र टक्करीनंतर एकत्र चालणाऱ्या वस्तूंचा नियम दिला. दोन्ही वस्तूंच्या संवेगांची दिशेसह बेरीज करावी आणि एकूण वस्तुमानाने भागावे, म्हणजे सामाईक वेग मिळतो. आज आपण फळ्यावर लिहितो तोच हा नियम होय.

आयझॅक न्यूटनने १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’ ग्रंथात हा नियम लंबकांच्या प्रयोगांनी तपासला. दहा फूट लांबीच्या दोऱ्यांना गोळे टांगून त्याने ते एकमेकांवर आदळविले आणि हवेच्या अवरोधाबद्दल दुरुस्तीही केली. संवेगाचा हिशेब प्रत्येक वेळी जुळला. दूर जाण्याचा वेग आणि जवळ येण्याचा वेग यांचे गुणोत्तर मात्र द्रव्यागणिक बदलले. घट्ट दाबलेल्या लोकरीच्या गोळ्यांसाठी ते सुमारे ५:९ आणि काचेसाठी सुमारे १५:१६ आले. म्हणजे वॉलिसची चिकटणारी टक्कर आणि हायगेन्सची पूर्ण उसळणारी टक्कर ही दोन टोके असून प्रत्यक्ष द्रव्ये त्यांच्या दरम्यान कोठेतरी असतात.

हरवलेल्या ऊर्जेचा वाद

येथेच मूळ पेच निर्माण झाला. हायगेन्सने दाखविले होते की उसळणाऱ्या टक्करीत वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकारांची बेरीज कायम राहते. लायब्निझने १६८६ पासून याच राशीला गतीचे खरे माप मानले व पुढे तिला ‘जिवंत बल’ असे नाव मिळाले. परंतु वॉलिसच्या टक्करीत ही राशी घटते. दोन सारख्या वस्तूंपैकी एक स्थिर असेल आणि दुसरी तिला येऊन चिकटली, तर संवेग तेवढाच राहतो, वेग निम्मा होतो आणि जिवंत बल मात्र अर्धेच उरते. रेल्वेच्या दोन सारख्या डब्यांच्या जोडणीत नेमके हेच घडते.

मग उरलेले अर्धे गेले कोठे? १७१६ मध्ये सॅम्युएल क्लार्क यास पाठविलेल्या पाचव्या पत्रात लायब्निझने याचे उत्तर दिले. ते नष्ट झालेले नाही, वस्तूच्या सूक्ष्म भागांत विखुरले गेले आहे, असे त्याचे म्हणणे होते. यासाठी त्याने मोठे नाणे मोडून सुटे घेण्याचा दृष्टान्त वापरला. हे उत्तर योग्य दिशेचे होते, पण त्यास मोजमापाचा आधार नव्हता. १७२२ मध्ये ख्राव्हेसांडे याने मऊ मातीत पितळी गोळे टाकून खड्ड्यांचे मापन केले. खड्ड्याचा आकार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो असे त्यास आढळले. एमिली द्यु शातले हिने १७४० मधील आपल्या ग्रंथात या प्रयोगांचा आधार घेऊन लायब्निझची बाजू मांडली. दोन्ही पक्षांचे मोजमाप आपापल्या ठिकाणी बरोबर होते, हे मान्य होण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

लाझार कार्नो याने १७८३ मध्ये टक्करीतील हानीचे नेमके सूत्र दिले. चिकटणाऱ्या टक्करीत प्रत्येक वस्तूच्या वेगात जो बदल होतो, त्या ‘गमावलेल्या’ वेगांचे जिवंत बल म्हणजेच एकूण हानी होय. ही हानी उष्णतेच्या रूपाने हिशेबात धरता येते, हे सिद्ध होण्यास जेम्स जूल याचे १८४० च्या दशकातील प्रयोग व्हावे लागले. म्हणजेच वॉलिसचा नियम मिळाल्यापासून त्यातील हानीचा पूर्ण जमाखर्च लागेपर्यंत पावणेदोन शतकांहून अधिक काळ लोटला. आपला विद्यार्थी तो एका तासिकेत समजावून घेईल, ही अपेक्षा आपण सहज करतो.

घर्षणाची वेगळी वाट

घर्षणाचा इतिहास गणितज्ञांच्या पत्रव्यवहारात घडला नाही. तो कार्यशाळा, जहाजबांधणीचे कारखाने आणि लोहमार्ग यांत घडला. लिओनार्दो दा विंची याने घर्षणाविषयीची निरीक्षणे आपल्या वह्यांत नोंदविली होती, परंतु ती त्या काळी प्रसिद्ध झाली नाहीत. गिय्योम आमोंतों याने १६९९ मध्ये पॅरिसच्या अकादमीपुढे दोन गोष्टी मांडल्या. घर्षण भाराच्या प्रमाणात असते आणि स्पर्शाच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसते. दुसरे विधान श्रोत्यांना सहजासहजी पटणारे नव्हते. लेओनार्ड ऑयलर याने अठराव्या शतकाच्या मध्यास स्थिर घर्षण आणि गतिज घर्षण यांतील भेद गणिताने स्पष्ट केला. शार्ल कुलोम्ब याने रोशफोर येथील जहाजबांधणीच्या कारखान्यात दोर, लाकूड व धातू यांवर विस्तृत प्रयोग केले. त्याच्या प्रबंधास १७८१ मध्ये अकादमीचे पारितोषिक मिळाले व तो १७८५ मध्ये छापला गेला. सरकण्याच्या वेगाचा घर्षणावर फारसा परिणाम होत नाही, हे आपल्या पाठ्यपुस्तकांतील गृहीतक तेथून आले.

हे गृहीतक अंदाजापुरतेच खरे आहे, हे लोहमार्गांनी दाखविले. कॅप्टन डग्लस गाल्टन याने १८७८ मध्ये इंग्लंडमध्ये जॉर्ज वेस्टिंगहाउसच्या साहाय्याने धावत्या गाडीवर ब्रेकचे प्रयोग केले. वेग जास्त असताना ब्रेकचा ठोकळा आणि चाक यांतील घर्षण कमी होते, असे त्यांत दिसून आले. चाके जखडून रुळांवर सरकू लागली की गाडी रोखणारे बल फार घटते, हेही स्पष्ट झाले. तात्पर्य, संवेगाचा नियम निसर्गाचा मूलभूत नियम आहे, तर घर्षणाचा नियम अनुभवावर आधारलेला व्यवहार्य नियम आहे. एकाच हिशेबात दोन्ही वापरताना त्यांची विश्वसनीयता सारखी नसते, याचे भान ठेवणे आवश्यक आहे.

दोन पायऱ्यांचा हिशेब

या दोन प्रकारच्या नियमांना एका हिशेबात सांधण्याची रीत प्रथम तोफखान्याच्या शास्त्रात स्पष्टपणे दिसते. बेंजामिन रॉबिन्स याने १७४२ मध्ये ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. गोळीचा वेग मोजण्यासाठी त्याने टांगलेल्या जड लाकडी फळीवर गोळी झाडली. गोळी फळीत रुतते आणि दोन्ही एकत्र झोका घेतात. झोक्याच्या मापावरून फळीचा आरंभीचा वेग काढावयाचा आणि त्यावरून संवेगाच्या आधारे गोळीचा वेग काढावयाचा, अशी ही रीत होती. रुतण्याच्या क्षणी संवेगाचा नियम लावावा आणि झोक्याच्या काळात ऊर्जेचा. या दोन पायऱ्यांची अदलाबदल केल्यास उत्तर चुकते. ऑयलरने १७४५ मध्ये या ग्रंथाचे जर्मन भाषांतर केले. पुढे रॉबिन्स ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून भारतात आला आणि १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला. टक्करीच्या गणिताच्या इतिहासातील एक महत्त्वाचे जीवन अशा रीतीने दक्षिण भारताच्या किनाऱ्यावर संपले.

महामार्गावरील अपघाताचा हिशेब याच रीतीचा आहे. येथे झोक्याच्या उंचीऐवजी फरफटीचे अंतर असते आणि गुरुत्वाकर्षणाऐवजी घर्षण कार्य करते. विसाव्या शतकात मोटार वाहतूक वाढली, तसा अपघातस्थळाच्या अभ्यासास पद्धतशीर रूप आले. अमेरिकेत नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात १९३६ मध्ये यासाठी स्वतंत्र वाहतूक संस्था सुरू झाली. भारतात १९३९ च्या मोटार वाहन कायद्यात १९५६ मध्ये दुरुस्ती होऊन अपघात दावा न्यायाधिकरणांची तरतूद झाली आणि १९८८ च्या कायद्यात ती पुढे चालू राहिली. स्थळपंचनाम्यात टायर घासल्याच्या खुणांची लांबी नोंदविली जाते, ती या दृष्टीने पुराव्याचा भाग ठरते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. १००० कि.ग्रॅ. वस्तुमानाची मोटार १५०० कि.ग्रॅ. वस्तुमानाच्या उभ्या जीपवर मागून आदळली. दोन्ही वाहने अडकून, सर्व चाके जखडलेल्या अवस्थेत, सपाट रस्त्यावर १० मीटर फरफटत गेली. घर्षणगुणांक ०.६ मानू. दुसऱ्या पायरीपासून मागे यावयाचे. सामाईक वेगाचा वर्ग म्हणजे २ × ०.६ × ९.८ × १० = ११७.६. म्हणून सामाईक वेग सेकंदास १०.८४ मीटर. या पायरीत वस्तुमान येत नाही, कारण घर्षण आणि जडत्व दोन्ही एकूण वस्तुमानाच्या प्रमाणात असतात. आता पहिली पायरी : एकूण वस्तुमान २५०० आणि मोटारीचे १०००, म्हणून मोटारीचा वेग २.५ पट, म्हणजे सेकंदास २७.१ मीटर किंवा ताशी सुमारे ९८ कि.मी.

विद्यार्थ्याच्या एका समीकरणाच्या रीतीने काय येते? मोटारीची सर्व गतिज ऊर्जा घर्षणात गेली असे मानल्यास वेग केवळ २.५ च्या वर्गमुळाइतका पट होतो, म्हणजे सेकंदास १७.१ मीटर किंवा ताशी सुमारे ६२ कि.मी. कार्नोच्या सूत्राने पाहिल्यास या टक्करीत मूळ ऊर्जेच्या ६० टक्के ऊर्जा पत्रे चेपण्यात, आवाजात व उष्णतेत खर्ची पडली. हा खर्च विद्यार्थ्याने वगळला. ताशी ८० कि.मी. ही त्या रस्त्यावरील मर्यादा असेल, तर एका रीतीने चालक दोषी ठरतो आणि दुसऱ्या रीतीने निर्दोष.

येथे आणखी एक बाब लक्षणीय आहे. फरफटत जाताना केवळ मागील मोटारीची चाके जखडलेली असून जीपची चाके मोकळी फिरत असतील, तर घर्षण फक्त मोटारीच्या वजनावर कार्य करील. परिणामी घर्षणगुणांक ०.६ च्या दोनपंचमांश, म्हणजे ०.२४ होईल. योग्य दोन पायऱ्यांनी हिशेब केला असता मोटारीचा वेग ताशी सुमारे ६२ कि.मी. येतो. हेच उत्तर विद्यार्थ्याने चुकीच्या रीतीने आधीच्या परिस्थितीसाठी काढले होते. हा योगायोग नाही. बीजगणिताने पाहिल्यास दोन्ही सूत्रे एकच होतात. उत्तर जुळले म्हणून रीत बरोबर ठरत नाही, याचे याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल. आणि १० मीटरची तीच खूण, चाकांची स्थिती न नोंदविल्यास, दोन सर्वस्वी वेगळ्या घटनांची साक्ष देऊ शकते, हेही त्यातून स्पष्ट होते.

घर्षणगुणांकाच्या अनिश्चिततेचा परिणामही असाच विचारात घ्यावा लागतो. पहिल्या परिस्थितीत पावसाने ओल्या रस्त्यासाठी ०.६ ऐवजी ०.४ धरल्यास वेग ताशी सुमारे ८० कि.मी. येतो. वेग घर्षणगुणांकाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात बदलतो, म्हणून त्यातील चूक काहीशी सौम्य होऊन उतरते, पण नाहीशी होत नाही. टक्करीच्या क्षणी घर्षणाचा आवेग नगण्य मानला जातो, हेही एक गृहीतकच आहे. टक्कर एक दशांश सेकंद चालली असे धरल्यास या उदाहरणात तो आवेग मूळ संवेगाच्या सुमारे ५ टक्के भरतो. चाके जखडू न देणाऱ्या आजच्या ब्रेकप्रणालीमुळे टायरच्या खुणा पुसट उमटतात, ही अडचण वेगळीच.

समारोप

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. पहिला, टक्करीचा नियम आणि घर्षणाचा नियम हे भिन्न परंपरांतून व भिन्न प्रमाणांवर उभे राहिले. संवेगाचा नियम टक्करीच्या क्षणापुरता आणि घर्षणकार्याचा नियम त्यानंतरच्या प्रवासापुरता लावावयाचा असतो. दुसरा, विद्यार्थ्याची प्रचलित चूक ही इतिहासातील एका खऱ्या वादाची पुनरावृत्ती आहे. म्हणून ती लाल शाईने खोडण्यापेक्षा हरवलेली ऊर्जा कोठे गेली, हा प्रश्न त्यालाच विचारणे अधिक फलदायी ठरेल. तिसरा, या हिशेबाचे उत्तर एका आकड्यात देणे शास्त्रास धरून नाही. घर्षणगुणांक आणि चाकांची स्थिती यांच्या शक्यता लक्षात घेऊन ते वेगाच्या कक्षेत द्यावयास हवे.

१८८० मध्ये राजाराम महाविद्यालयाची आणि १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली. या परिसरात यंत्रशास्त्राचे अध्यापन अनेक पिढ्या होत आले आहे. आपले विद्यार्थी रोज याच महामार्गावरून महाविद्यालयात येतात आणि त्यांपैकी काही उद्या पोलीस अधिकारी, वकील, अभियंते वा न्यायाधीश होतील. अपघातात घरातील कर्ता माणूस गमावलेल्या कुटुंबाचा दावा त्यांच्यापुढे येईल, तेव्हा १० मीटरच्या खुणेचा अर्थ त्यांना लावावा लागेल. वॉलिस आणि कुलोम्ब यांच्यामधील हद्द तेव्हा त्यांच्या लक्षात असेल, अशा रीतीने हा धडा शिकविणे ही अध्यापकांची जबाबदारी आहे.